कुंडीतली अळंबी

आमच्या मुंब्र्याच्या फ्लॅटला अंगण नाही. हॉलच्या खिडकीला बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल आहे, पाच फूट लांब आणि दीड फूट रुंद. तिच्यात अकरा कुंड्या बसतात. मनी प्लांट, कोरफड, पुदिना, सब्जा, एक मोगरा, सतत मरायला टेकलेला एक कढीपत्ता, आणि बाकीची माझ्या मुलीने नर्सरीतून आणलेली, नावे लक्षात न राहणारी झाडे. तीन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला, म्हसळा तालुक्यातल्या आमच्या घराला कुलूप लागले आणि अम्मी माझ्याकडे राहायला आली. तेव्हापासून या कुंड्या तिच्या ताब्यात आहेत. फजरनंतर ती तांब्या घेऊन खिडकीशी बसते. पाणी घालते, घातल्याचे विसरते आणि पुन्हा घालते. अशाने चार झाडे कुजली. तिच्या विसरण्याला डॉक्टरांनी एक इंग्रजी नाव दिले आहे. ते नाव आता बऱ्याच घरांत पोहोचले आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मुलीने ईदीच्या पैशांतून पॉलिमर क्लेचे एक पाकीट मागवले. आठ रंगांच्या आठ वड्या, प्रत्येक साबणाच्या छोट्या वडीएवढी. ती नववीत आहे. मोबाइलवर कुणीतरी बनवलेले मशरूम तिने पाहिले होते आणि तसे कुंड्यांत खोचायचे तिच्या मनात होते. चार दिवस तिने केले आणि सोडले. या वयात असेच असते. उरलेल्या वड्या उघड्या पडल्या, त्यांवर धूळ बसायला लागली आणि पैसे वाया जातील म्हणून मी त्या हातात घेतल्या. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बी.एड.ला असताना शैक्षणिक साहित्याच्या नावाखाली पुठ्ठ्याचे घड्याळ केले होते, त्यापलीकडे माझ्या हाताला कला म्हणून काही ठाऊक नाही.

नाव क्ले असले तरी ही माती नव्हे. पीव्हीसी, म्हणजे ज्याचे पाण्याचे पाइप होतात त्याच प्लास्टिकची ती बारीक पूड असते. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात एक तेलकट द्रव मिसळलेला असतो, शिवाय रंग. त्यामुळे ती कुंभाराच्या मातीसारखी हवेवर वाळत नाही. महिनाभर ठेवली तरी मऊच राहते. उष्णता दिली की पुडीचे कण एकमेकांना धरतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. मग तिला पाणी लागले तरी फरक पडत नाही, म्हणूनच ती कुंडीत चालते. या द्रवामुळे एक गंमत मात्र होते. कच्चा गोळा प्लास्टिकच्या काही डब्यांना चिकटून त्यांचा पृष्ठभाग खातो. आमच्या एका पोळ्यांच्या डब्याचे झाकण असेच चिवट झाले. तेव्हापासून मी काम काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर करते आणि गोळे बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवते.

या वस्तूचा इतिहास शोधताना एक हकिकत सापडली. जर्मनीत केटे क्रुझे नावाची एक प्रसिद्ध बाहुल्या बनवणारी बाई होती. बाहुल्यांसाठी उपयोगी पडेल म्हणून तिच्याकडे असे एक साहित्य आले, ते तिला पसंत पडले नाही. तिच्या मुलीने, सोफीने, ते उचलले आणि त्यातून घरच्या घरी भाजता येणारी रंगीत क्ले तयार केली. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तिच्याकडून ती घेतली आणि पुढे ती फीमो या नावाने जगभर गेली. आईने टाकले, मुलीने उचलले. आमच्या घरात उलट झाले, मुलीने टाकले आणि आईने उचलले.

पहिली खेप मी जाळली. पाकिटावर १३० अंश सेल्सिअस लिहिले होते, ओटीजीचा काटाही मी तिथेच लावला होता. पण छोट्या भट्टीच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. आत कांडी जवळ असते आणि प्रत्यक्ष तापमान वीस-तीस अंशांनी सहज वर जाते. पांढरे देठ तपकिरी झाले, टोप्यांवर फोड आले आणि नाकाला झोंबणारा वास घरभर पसरला. पीव्हीसी फार तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो घशाला आणि डोळ्यांना लागतो. खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवले. दुसऱ्या दिवशी ओव्हन थर्मामीटर आणला. ज्या बहिणींना हे करायचे असेल त्यांनी क्लेच्या आधी तो घ्यावा. ट्रे वेगळा ठेवावा, त्यात पुन्हा नानखटाई भाजू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर घालूच नये.

करण्याची रीत तशी सोपी आहे. गोळा आधी पाच-सात मिनिटे कणकेसारखा मळायचा. न मळता वापरला तर भाजल्यावर चिरतो. आपल्याकडे मे महिन्यात हीच कणीक हाताला चिकटते, तेव्हा दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवायची. पांढरा रंग सर्वांत आधी मळायचा, नंतर मळला तर बोटांवरचा लाल त्याला लागतो. लिंबाएवढा गोळा अंगठ्याच्या टोकावर दाबला की टोपी होते. टोपीच्या खालच्या बाजूला सुईने मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत रेघा ओढायच्या, शंभर तरी. याच रेघांमुळे ती टोपी मशरूमची दिसते, नाहीतर बटण वाटते. देठात तार घालायची, खाली दोन-तीन इंच बाहेर ठेवायची, म्हणजे मातीत उभी राहते. तार मी आधी सेंट्रिंगची घेतली. ती महिन्याभरात गंजली आणि देठाला तांबडा डाग चढला. आता ॲल्युमिनियमची घेते. भाजताना वर फॉइलचा तंबू करायचा म्हणजे पांढरा रंग करपत नाही. पाव इंच जाडीला अर्धा तास. आणि चकाकी यावी म्हणून नेलपॉलिश लावू नका. ती क्लेला मऊ करते आणि वस्तू कायमची चिकट राहते. माझ्या पहिल्या सहा मशरूमांवर आजही बोटाचे ठसे उमटतात.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केले, लाल टोपी आणि पांढरे ठिपके. हे ठिपके मी घड्याळाच्या आकड्यांसारखे समान अंतरावर लावत होते आणि काहीतरी खोटे वाटत होते. मग वाचले की खऱ्या मशरूमवर ते ठिपके नसतातच. लहान असताना ते पांढऱ्या पातळ आवरणात गुंडाळलेले असते, वाढताना आवरण फाटते आणि त्याच्या चिंध्या टोपीवर राहतात. जोराच्या पावसात त्या धुऊनही जातात. तेव्हापासून मी पांढऱ्या क्लेचे तुकडे तोडून, लहानमोठे, कुठेही चिकटवते. हे लाल मशरूम थंड देशांत बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवते, ते विषारी आहे, आणि आपल्या कोकणात मी ते कधी पाहिलेले नाही. आपल्या मुलांना मात्र मशरूम म्हटले की तेच आठवते, कारण चित्रांत तेच असते.

शाळेत आठवीच्या वर्गाला मी त्यातले एक दाखवले आणि नाव विचारले. उर्दूत अर्धा वर्ग ओरडला, "सांप की छत्री!" मराठीत आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. इंग्रजीतला टोडस्टूल म्हणजे बेडकाची बैठक. साप, कुत्रा आणि बेडूक, या तिघांपैकी एकालाही हिचा उपयोग नाही. पण तीन भाषांनी मिळून मुलांना एकच सांगून ठेवले आहे, हिला हात लावू नको. भाषा शिकवण्याच्या तीस वर्षांच्या पुस्तकांत असा एक धडा असायला हवा होता, असे त्या दिवशी वाटून गेले.

बेडकावरून आठवले. मुलीला मशरूमखाली एक हिरवा बेडूक बसवायचा होता. आमच्याकडे जानदार वस्तूंच्या मूर्ती, पुतळे घरात मांडत नाहीत, सासूबाईंच्या वेळेपासून. मुलगी थोडी रुसली, मग तिने बेडकाऐवजी छोटा दगड आणि त्यावर शेवाळ केले. मला विचाराल तर ते बेडकापेक्षा चांगले दिसते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तोवर अकराही कुंड्यांत मशरूम होते. येणारे-जाणारे बघत. नणंदबाई म्हणाल्या, "भाभी, या वयात तुम्ही बाहुल्या खेळायला लागलात." स्टाफरूममधल्या दोघींनी मागून घेतले. अम्मी मात्र लाल मशरूमांकडे पाहतही नसे. त्यांच्यावरून पाणी घाले, जणू ते तिथे नाहीतच. मला वाटे, तिच्या लक्षातच येत नाही.

लाल रंग संपला आणि मी पांढऱ्याकडे वळले. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा आणि तपकिरी मिसळला, सुक्या खडूची पूड ब्रशने टोपीच्या मधोमध लावली, तर अगदी मळकट, मातीतून नुकतेच आल्यासारखे रूप आले. असे सात केले आणि मोगऱ्याच्या कुंडीत झुबक्याने लावले. मी माझ्यावर खूश होते.

जुलैचा दुसरा आठवडा होता. रात्रभर विजा आणि पाऊस. मी दुपारी शाळेतून आले, दार उघडले आणि तोच नाकाला झोंबणारा वास आला. गॅसवर कढई होती. अम्मी शेजारी उभी, हातात कालथा. कढईत कांदा, हिरवी मिरची, ओले खोबरे, हळद, आणि त्यात काळी पडत चाललेली माझी सात मशरूम. तारा तिने काढून ओट्यावर नीट ओळीने ठेवल्या होत्या.

मी गॅस बंद केला. कढई उचलून बाथरूममध्ये ठेवली, खिडक्या उघडल्या. आणि मग ओरडले. पंचवीस वर्षे वर्गात न ओरडता शिकवल्याचा मला अभिमान आहे, पण त्या दिवशी माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "अम्मी, हे प्लास्टिक आहे! प्लास्टिक शिजवतेस? घर पेटले असते!"

ती भांबावली. कालथा अजून हातातच होता. मग अगदी हळू, समजूत घातल्यासारखे म्हणाली, "गडगडाट झाला ना राती. अलंबी आली. तुझ्या अब्बाला आवडते."

अम्मीच्या कोकणीत ळ नाही. अळंबी तिच्याकडे अलंबी होते आणि वारूळ वारूल. आयुष्यभर मी उर्दू माध्यमाच्या मुलांच्या जिभेवर ळ बसवत आले आणि माझ्या स्वतःच्या घरात तो कधी आला नाही. त्या क्षणी तो शब्द ऐकला आणि मला आमच्या मागच्या परसातला पाऊस आठवला. वाडीच्या वरच्या बाजूला, काजूच्या झाडांखाली वारुळे होती. विजा कडाडल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे अम्मी टोपली घेऊन जायची. कुठे जाते ते शेजारणीलासुद्धा सांगत नसे. अळंबीची जागा म्हणजे घराण्याचे गुपित. आल्यावर चुलीवर कांदा-खोबऱ्यात परतायची आणि अब्बा तांदळाच्या भाकरीबरोबर खायचे. वर्षातून दोन-तीन वेळाच.

म्हणजे लाल मशरूम तिला दिसत होती. ती तिला ओळखीची नव्हती, एवढेच.

त्या रात्री घरात चर्चा झाली. मुलीचे अब्बू म्हणाले, आधी गॅसचे बघू. तेव्हापासून बाहेर जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जातो, आणि अम्मी एकटी राहणार नाही अशा वेळा आम्ही तिघांनी वाटून घेतल्या. त्यांचे दुसरे म्हणणे होते, ही खेळणी काढून टाक. मला पटले. सगळी मशरूम काढली आणि बुटांच्या खोक्यात भरून माळ्यावर ठेवली.

तिसऱ्या दिवसापासून अम्मी मोगऱ्याच्या कुंडीत बोट घालून बघू लागली. सकाळी, असरनंतर, पुन्हा मगरिबच्या आधी. "काल होती," म्हणे. "कुणी नेली?" एकदा तिने समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंवर आळ घेतला, त्यांच्या तोंडावर. त्या समजूतदार, हसून घेतले. पण मला झोप लागेना. खोटी मशरूम परत लावावी तर ती पुन्हा कढईत जाणार. न लावावी तर ती दिवसातून तीनदा शोधणार. आणि तिला सांगावे की अम्मी, ती मीच केली होती, खोटी होती, तर ते तिला दर वेळी नव्याने सांगावे लागणार आणि दर वेळी ती नव्याने कुणाकडून तरी फसवली गेल्यासारखी बघणार. अब्बांबद्दलही हेच होते. ते कुठे आहेत असे ती विचारते तेव्हा काय सांगायचे, यावर आम्हा भावंडांत अजून एकमत नाही.

एका रविवारी तिने पुन्हा विचारले, "अलंबी नाही आली?" आणि मी काही न ठरवता पांढऱ्या क्लेचा मळलेला गोळा तिच्या हातात दिला. म्हटले, "नाही आली अम्मी. चल, आपण करू."

तिने गोळा हातात घेतला. वास घेतला. नाक मुरडले. मी शेजारी बसून नेहमीसारखी टोपी केली, गोल, छत्रीसारखी, आणि तिला दाखवली.

"ही कसली? टोक कुठं आहे?"

"कसले टोक?"

"अलंबी वारूल फोडून येते. टोक नसेल तर फोडील कशी?"

तिने माझ्या हातातली टोपी घेतली आणि मधोमध चिमटीने वर खेचली. लहानसे, कठीण टोक. टोपी एकदम बदलली. मग देठाकडे बघून म्हणाली, "आणि शेपटी? खाली शेपटी असते, हातभर. ओढलीस तर तुटते. माती बाजूला करायची, मग काढायची."

त्या रात्री मी शोधले. अम्मीचे प्रत्येक म्हणणे बरोबर होते. अळंबी वाळवीच्या वारुळातून येते. वाळवी लाकूड, पालापाचोळा चघळून आत खोलवर बाग करते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी लाकूड पचवून देते, वाळवी तिला घर देते. पावसात या बागेतून अळंबी वर निघते, तेव्हा तिला वारुळाची घट्ट माती फोडावी लागते. त्यासाठी टोपीच्या मधोमध कठीण टोक असते, आणि जमिनीखाली मुळासारखी लांब शेपटी, थेट वाळवीच्या बागेपर्यंत गेलेली. वाळवीशिवाय ती उगवत नाही, म्हणून बटण मशरूम किंवा धिंगरीसारखी तिची शेती आजवर जमलेली नाही. बाजारात ती पावसाळ्यात पानात गुंडाळून येते ती रानातलीच. मी पन्नासेक मशरूम केली होती, त्यांचे आकार मोबाइलवरून घेतले होते. ज्या बाईने साठ पावसाळे खरी अळंबी काढली ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिला विचारावे असे मला सुचले नव्हते.

आम्ही आता रविवारी बसतो, जोहरनंतर तासभर. प्रत्येक वेळी ती नव्याने विचारते, हे काय आहे. प्रत्येक वेळी नाक मुरडते. हात मात्र विसरत नाहीत. तांदळाच्या भाकरीचा गोळा थापणारा तिचा अंगठा टोपी माझ्यापेक्षा पातळ करतो आणि कड चिरू देत नाही. रेघा ओढायला तिला दिसत नाही, त्या मी ओढते. शेपटीसाठी आम्ही तार लांब ठेवतो आणि तिच्यावर क्लेचा पातळ थर चढवतो, खाली निमुळता करत. याचा एक फायदा झाला. आधीची मशरूम वाऱ्याने कलंडत, ही कुंडीत सहा इंच खोल जातात आणि पावसाच्या सरीतही हलत नाहीत.

कधी कधी करता करता ती बोलते. काजूखालचे वारूळ, तिच्या सासूने दाखवलेली दुसरी जागा, एका वर्षी टोपली भरली आणि वाटेत पाय घसरून सगळी ओढ्यात गेली ती गोष्ट. काही वेळा मध्येच थांबते आणि मला विचारते, तू कुणाची. मी सांगते. "हां," म्हणते आणि पुढचा गोळा घेते. मागच्या महिन्यात मुलगी कोपऱ्यातून बघत होती. मग तीही येऊन बसली. नानीने तिच्या मशरूमला नापास केले, टोक नव्हते.

घरात मात्र एक नियम कडक केला आहे. कुंड्यांत लावायची मशरूम फक्त रंगीत. निळी, जांभळी, हिरवट, आकार अळंबीचा आणि रंग कुठल्याच अळंबीचा नाही. अम्मीने केलेली पांढरी आम्ही कुंडीत लावत नाही. ती काचेच्या बरणीत, वाळूत उभी करून हॉलच्या शोकेसमध्ये ठेवली आहेत. अकरा आहेत. कुलूप लावलेले नाही, पण काच आहे. निळी अळंबी बघून अम्मी पहिल्यांदा हसली आणि "वेडी गं तू" म्हणाली. ती तिने कढईत घातली नाही. शोधणे पूर्ण थांबले असे नाही, पण दिवसातून तीनदाचे आठवड्यातून एकदा झाले. बरणी दाखवली की तिला पुरते. कधी पुरत नाही. तेव्हा मी बाजारातून धिंगरी आणून कांदा-खोबऱ्यात करते. ती एक घास खाते आणि म्हणते, "ही नव्हे."

मागच्या आठवड्यात मनी प्लांटच्या कुंडीत एक खरे मशरूम उगवले. कोकोपीट नवे घातले होते, त्यातून आले असावे. पिवळेधमक, लिंबाच्या सालीसारखे, बोटभर उंच, टोपीवर पिठासारखे कण. मुलीने आधी मलाच विचारले, हे तुम्ही केले का? असे पिवळे मशरूम घरातल्या कुंड्यांत येते, झाडाला काही करत नाही, पण खाण्याचे नाही. लहान मुले असलेल्या घरांनी दिसले की हातात पिशवी घालून काढून टाकावे. मी पिशवी आणायला वळले, तोवर अम्मी तांब्या घेऊन आली होती. माझा जीव घशाशी आला. तिने वाकून पाहिले. बोट लावले नाही.

"कुत्र्याची छत्री," ती म्हणाली. "हिला हात नको."

मग शेजारच्या कुंडीतल्या निळ्या अळंबीकडे बोट दाखवले. "ही तुझी. हीपण नको." थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मग आज जेवायला काय?"